पान कोणाशेजारी मांडायचं

परत येऊन नऊ दिवस झाले. शेजारणी विचारतात, "मराठवाड्यात काय काय पाहिलंस गं?" लेणी पाहिली नाहीत. औशाचा किल्ला एसटीच्या खिडकीतून पाहिला. माहूरला जायचं म्हणत म्हणत राहूनच गेलं. पाहिला तो एका शेतातला बांध, तोही गुडघ्याएवढा. त्याच्याबद्दल बोलायला लागले की कुठे थांबावं ते मलाच कळत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. नाशिकच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सीमा म्हणजे माणसाने कागदावर ओढलेल्या रेघा, हे वाक्य दर जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवायचे. देश, प्रांत, जात, पोटजात ही सगळी माणसाच्या लहानपणची खेळणी आहेत, मोठा झाला की टाकून देईल, असं माझं ठाम मत होतं. 'होतं' म्हणते, कारण आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. मी कुठल्याच कळपातली नाही, हेही मी इतक्यांदा बोलून दाखवलं आहे की आमचे हे म्हणतात, "कळपात नसणाऱ्यांचाही एक कळप असतो, आणि तू त्याची तहहयात अध्यक्ष."

या प्रवासाला कारण झाली शिवलीला. पुण्याच्या हॉस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तिचं सासर औशापासून आत एका खेड्यात, घर लिंगायत, शेती चांगली. तिच्या मुलीने, भाग्यश्रीने, म्हणजे भागूने, मागच्या उन्हाळ्यात देगलूरकडच्या साईनाथशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा गुणाचा, नोकरीचा, पण जात वेगळी आणि घरची भाषा तेलुगू. भागूच्या थोरल्या चुलत्यांनी, मन्मथअप्पांनी, त्या दिवसापासून धाकट्या भावाचं घर तोडलं. सगळी भावकी अर्थातच अप्पांच्या मागे गेली.

"नलू, तू येळवसला ये," शिवलीला फोनवर म्हणाली. "आणि येताना माझं एक काम कर."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे हा दिवाळीहून मोठा सण. त्या दिवशी झाडून सारी माणसं शेतात जेवायला जातात. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला मुलीच्या सासूसासऱ्यांना शेतावर बोलवायचं असतं, आणि त्यांच्यात हे आवतन मुलीच्या आईबापाने स्वतः न्यायचं नसतं. भावकीतलं कुणीतरी खण-नारळ घेऊन जातं. आता भावकीच तुटलेली, तर जाणार कोण? "तू कुणाचीच न्हाईस ना, मग तूच जा," ती म्हणाली. हे मला त्या वेळी फार मोठं कौतुक वाटलं.

नांदेड

नांदेडला सकाळी उतरले आणि सरळ गुरुद्वाऱ्यात गेले. लंगरमध्ये पंगतीत बसले. उजवीकडे एक पंजाबी आजोबा, डावीकडे सांगलीच्या एक बाई, समोर बुरखा घातलेल्या मायलेकी. वाढणारा कुणालाही काही विचारत नव्हता. दोन्ही हात पुढे करायचे, त्यावर रोटी पडते, बस्स. मला अगदी भरून आलं. हेच तर मी इतकी वर्षं सांगत होते.

तेवढ्यात सांगलीच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"नाशिकच्या."

"असं होय. द्राक्षं असतात तुमच्याकडं, पण आंबटच जरा. आमच्या तासगावची खाऊन बघा एकदा."

आता माझा द्राक्षांशी संबंध तो काय? एक गुंठा जमीन नाही, मधुमेहामुळे मी द्राक्षं खातसुद्धा नाही. तरी पुढची दहा मिनिटं मी नाशिकच्या द्राक्षांची वकिली करत बसले. परदेशात कुणाची जातात, माती कुणाची चांगली, थंडी कुणाकडे योग्य पडते, सगळा भूगोल बाहेर काढला. वाढणारे सरदारजी डाळीची बादली घेऊन दोनदा समोरून गेले, माझं लक्षच नव्हतं. शेवटी कोरडी रोटी पाण्याबरोबर खाऊन उठले. बाहेर पायऱ्यांवर चपला शोधताना माझी मलाच लाज वाटली.

देगलूरच्या पुढे

व्याह्यांचं गाव सीमेवर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे माझंच हसं आहे. तिथून मोटारसायकलने पाच मिनिटांत माणूस तेलंगणात जातो. दुकानाच्या पाट्या मराठीत, आतली घासाघीस तेलुगूत, आणि मालकाचा फोन वाजला की तो कानडीत बोलतो.

भागूचे सासरे गंगाराम साधे, हसतमुख गृहस्थ. त्यांचं शिलाईचं दुकान आहे. सासू राजमणी कमी बोलणाऱ्या, पण नजर सगळीकडे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि लसणाच्या फोडणीची अंबाडीची भाजी होती. मी म्हटलं, "वा, अंबाडी." राजमणी म्हणाल्या, "पुंटिकूर." आणि मला आणखी एक डाव वाढला.

जेवताना गंगाराम सहज म्हणाले, "आमच्या गावानं ठराव करायचं चालू हाय मॅडम. आम्हाला तेलंगणात घाला म्हणून. मी बी सही करून राहिलो."

माझा घास हातात राहिला. "का हो?"

"पलीकडं शेताला लाइन बरी हाय. म्हाताऱ्या माणसाला दोन पैसे जास्त भेटतेत. बाकी काय."

"अहो पण तुम्ही मराठी शाळेत शिकलात. सगळं आयुष्य महाराष्ट्रात गेलं. असं कसं राज्य सोडून जाता? आपल्या माणसांना काय वाटेल?"

हे मी म्हणाले. तीच मी, रेघावाली. आणि चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले, कारण दुकानातला शिवणयंत्राचा आवाज थांबला.

गंगाराम रागावले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "माझा आजा ह्याच घरात निजामाचा होता. बाप ह्याच घरात आधी हैदराबादचा, मंग मुंबई राज्याचा झाला. मी महाराष्ट्राचा झालो. घर हेच हाय मॅडम, दार बी हेच. आम्ही कुठं गेलोच न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "आपली माणसं म्हंजे कोणती, ते तुम्हीच सांगा."

मी पाणी प्याले.

मग मी खण-नारळ पुढे केला आणि येळवसचं आवतन दिलं. राजमणींनी हात पुढे केला नाही, आधी नवऱ्याकडे पाहिलं. गंगाराम पहिल्यांदाच गंभीर झाले.

"यायला काय, आवडीनं येऊ. पण आमच्या बी चार मंडळी हाईत. ते इचारून राहिले, तिकडं तुमचं पान कोणाशेजारी मांडणार? मुलीचा थोरला चुलता पंगतीला नसंल, तर तुम्ही काय भिकेला गेलते का जेवायला? तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई आम्हाला."

म्हणजे इथेही भावकी. गंमत अशी, की एवढं बोलणारा हा माणूस राज्य सोडायला एका पायावर तयार होता. मी चिडले, गोंधळले, आणि त्याच भरात तोंडातून निघून गेलं, "मन्मथअप्पा स्वतः तुमच्या शेजारी बसणार आहेत. त्यांनीच सांगितलंय."

राजमणींनी नारळ घेतला. डोळे भरले होते त्यांचे. मी मात्र लगेच उठून परतीच्या एसटीची वेळ विचारली.

औशाजवळ

उदगीरवरून येणारा रस्ता तुरीच्या शेतांतून जातो, हवेला हिरव्या हरभऱ्याचा वास असतो, वगैरे मी लिहिलं असतं. पण सगळा रस्ता मी एकच विचार करत होते, की शिवलीलाला हे सांगायचं कसं.

सांगितलं तेव्हा ती उंड्यांचं, म्हणजे येळवसला वाफवतात त्या बाजरीच्या गोळ्यांचं, पीठ मळत होती. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "नले, काय करून बसलीस हे? भाऊजी आमच्या सावलीला उभारत न्हाईत आणि तू त्यांचं पान मांडून आलीस?" तिचा नवरा नागनाथ दारातून म्हणाला, "येऊद्या त्यांना. जे व्हायचं ते हुईल." भागू आणि साईनाथ दुपारीच आले होते. भागूने आईसमोरची परात ओढून पीठ मळायला घेतलं. लहानपणी ती अप्पांच्या खांद्यावरून शेतात जायची, हे मला शिवलीलाने नंतर सांगितलं. त्या मुलीला नवरा मिळाला होता, नोकरी होती, पण तिला अप्पांची एक हाक हवी होती. बाकी सगळ्यांना आपापली अब्रू वाचवायची होती, त्यात आता मीही.

चूक माझी, म्हणून संध्याकाळी मीच अप्पांकडे गेले. घर भिंतीला भिंत लावून. अप्पा कपाळाला विभूती लावून ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची दिली, आत चहा सांगितला. असा नीटनेटका माणूस असला की भांडायला फार अवघड जातं.

मी सगळं खरं सांगितलं. खोटं बोलून आले, हेही. मग माझं नेहमीचं सुरू केलं, की जग कुठे चाललंय, माणसानं मोठं व्हायला हवं, या रेघा आपणच ओढलेल्या आहेत.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुम्ही कोणाच्या हाव, बाई?"

"मी कोणाचीच नाही. मी हे काही मानत नाही."

"मंग तुम्हाला सोडायला काय लागतंय?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझा बाप गेला तवा पाऊस लागून होता. आमच्यात मातीत बसवतेत माणसाला. खड्डा खांदला की पाण्यानं भरायचा. रातच्याला अठरा माणसं पाणी उपसलालती, कोणी बोलवलं नव्हतं त्यांला. ती ही मंडळी. आज तीच म्हणतेत, अप्पा, पोरीनं रीत मोडली, तुम्ही ताठ ऱ्हावा. उद्या मी मेलो तर खड्डा खांदायला तुमचा भूगोल येईल का?"

मी चहा पिऊन उठले. नाही येणार भूगोल. उत्तर साधं होतं आणि मला ते अजून पटलेलं नाही, पण खोडताही येत नाही. पायऱ्या उतरताना मागून ते म्हणाले, "भागीला थंडी सोसत न्हाई. शेतात सकाळी लई गारठा असतो." मी वळून पाहिलं तर ते आत निघून गेले होते.

येळवस

सकाळी औशात म्हणे संचारबंदी लागल्यासारखं होतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि शेतांत मात्र जत्रा. डोक्यावर ताकातल्या आंबिलाची मडकी घेतलेल्या बायका होत्या, मोटारसायकलवर मडकं मांडीत धरून बसलेल्या सुना होत्या, डिकीत कढई घालून आलेल्या पुण्याच्या गाड्या होत्या. प्रत्येक शेतात कडब्याची एक खोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की पिकात आंबील शिंपडत फिरतात आणि एक कानडी घोष करतात. त्याचा अर्थ मी सहा जणांना विचारला, एकालाही सांगता आला नाही. "आमचा हाय," एवढंच सगळे म्हणाले.

नागनाथ आणि अप्पांची शेतं लागून आहेत, मध्ये तो बांध. अलीकडच्या खोपीत आम्ही पाच माणसं. पलीकडे तीसचाळीस. त्यांचं हसणं ऐकू येत होतं, भज्जीचा वासही येत होता. भज्जी म्हणजे पालेभाज्या, वाटाणे, तूर, हरभरा, जे रानात मिळेल ते बेसनात शिजवलेलं घट्ट प्रकरण. आमच्याकडेही तीच शिजली होती, पण खाणारं कुणी नव्हतं.

अकराच्या सुमाराला गंगाराम आणि राजमणी आले. नवं धोतर, नवं लुगडं, हातात टोपली. गंगारामांनी नमस्कार करून इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "मन्मथअप्पा कोणते?"

मी बांधाच्या पलीकडे पाहिलं. नागनाथने मान खाली घातली. गंगारामांना सगळं कळलं. त्यांनी शब्दानेही मला दोष दिला नाही, फक्त खांद्यावरचा पंचा झटकून परत टाकला आणि राजमणींना तेलुगूत काहीतरी म्हणाले. टोपली खाली ठेवून दोघं निघाली. भागू मागे धावली, सासूचा हात धरला, पण सासूने तो हळूच सोडवला. साईनाथ बापापुढे जाऊन उभा राहिला, तर ते त्याला वळसा घालून गेले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

रस्त्याला लागायची वाट अप्पांच्या खोपीसमोरून जाते. दोघं खालमानेनं चालत होती. पलीकडचं हसणं थांबलं.

"ओ पाव्हणं." अप्पा उभे राहिले होते. "कुठं निघलालाव?"

गंगाराम थांबले. "आम्ही भाग्यश्रीचे सासरे."

"कोणाचे कोण हाव ते इचारलं न्हाई. जेवलाव का?"

"न्हाई."

"मंग? ह्या शिवारातून येळवसला माणूस उपाशी गेला तर गाव काय म्हणंल? माझ्या आज्यानं चोराला धरलं, तर त्याला बी आधी आंबील पाजली म्हणतेत." मग त्यांनी आपल्या भावकीकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली. "बसा. आणि त्या नाशिकच्या बाईंला बी बोलवा, त्या बी उपाशी असतील."

म्हणजे मी बसले त्या पंगतीत. गंगारामांचं पान अप्पांच्या शेजारी मांडलं गेलं. माझं खोटं खरं झालं होतं, पण मी ते ज्या कारणासाठी बोलले होते त्या कारणाने नव्हे. या माणसाने जात सोडली नव्हती, भावकीही नाही. गावाचं नाव जाईल म्हणून तो उठला होता. एका अभिमानाला दुसऱ्या अभिमानाने बाजूला सारलं, याला मोठं होणं म्हणायचं की नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या ठरवता येईना. शिवलीला, नागनाथ, भागू आणि साईनाथ बांधापलीकडेच उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पत्रावळी मांडल्या तेव्हा राजमणी पहिल्यांदा स्पष्ट मराठीत बोलल्या. "पहिली येळवस हाय. माझ्या पानात माझी सून वाढंल."

सगळे अप्पांकडे बघू लागले. अप्पा पत्रावळीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने, शिवलीलाच्या थोरल्या जाऊबाईंनी, भज्जीचं पातेलं उचललं आणि नेऊन बांधावर ठेवलं. भागूने ते घेतलं आणि बांध ओलांडला. आठ महिन्यांनी.

तिने सासूला वाढलं, सासऱ्यांना वाढलं. मी पुरे म्हणून पत्रावळीवर आडवा हात धरला, तर शेजारचा म्हातारा दटावून म्हणाला, "हात न्हाई धरायचा बाई, लक्षुमी अडती. येळवसला तोंडानं बास म्हणायचं." मी बास म्हणाले. ती पुढे सरकून अप्पांसमोर वाकली.

एक पळी वाढली. अप्पा गप्प. दुसरी वाढली. त्यांनी वर पाहिलं नाही, हात मांडीवरच होते. तिसरी, चौथी. भज्जी पसरत उंड्यांपर्यंत गेली, खिरीला लागली. पंगतीत कुणी खात नव्हतं. भागू थांबत नव्हती, आणि हा माणूस तिच्याशी बोलायचं नाही म्हणून बास म्हणत नव्हता. पाचवी पळी पत्रावळीच्या काठावरून त्यांच्या धोतरावर सांडली.

"बास की गं भागे," अप्पा म्हणाले. "किती वाढतीस."

भागूने पळी पातेल्यात सोडली आणि तिथेच मातीत बसली. बांधापलीकडे शिवलीलाने पदर तोंडात धरला होता. मी रडत होते, आणि कोणाच्या बाजूने रडते आहे ते मला माहीत नव्हतं.

मान खाली घालून अप्पांनी जेवायला सुरुवात केली. सगळी पंगत उठली, हात धुऊन झाले, तरी ते एकटे बसून खात होते. पानात त्यांनी काहीसुद्धा टाकलं नाही.